तेर्नी : वेळापत्रकावर पडणारा धबधबा

"इटलीला जाऊन व्हेनिस नाही पाहिलं?"

परत आल्यापासून ठाण्यात कचराळी तलावाच्या सकाळच्या फेऱ्यांमध्ये कोणी ना कोणी हे विचारतंच. नाही पाहिलं. फ्लॉरेन्स नाही, पिसाचा कललेला मनोरा नाही, आणि रोममध्येही विमानतळावरून स्टेशन गाठण्यापलीकडे फारसं काही नाही. आम्ही गेलो तेर्नीला. हे नाव ऐकलं की समोरच्या माणसाला माझी कीव येते, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

तेर्नी हे रोमच्या उत्तरेला, रेल्वेनं साधारण तासाभराच्या अंतरावरचं गाव. प्रांत उंब्रिया, धंदा पोलादाचा. पेरुज्या विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा एक विभाग तिथे आहे आणि आमची धाकटी तिथे शिकते. म्हणजे निमित्त लेकीचं. पण खरं सांगायचं तर तिनं फोनवर एकदा सहज म्हटलं, "आई, इथे एक धबधबा आहे, तो टाइमटेबलप्रमाणे चालू-बंद करतात," आणि त्याच क्षणी माझं जाणं पक्कं झालं.

कारण माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरमध्ये. तिथलं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अख्ख्या राज्यात या क्षणी किती वीज लागते आहे आणि किती तयार होते आहे, याचा मेळ घालत बसायचं. समोरच्या पडद्यावर विजेची फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झच्या आसपास डोलत असते. ती खाली घसरायला लागली की फोन उचलायचा. संध्याकाळी सात वाजता घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू होतात. तेव्हा कोळशाचे संच कामाला येत नाहीत, त्यांना अंग हलवायलाच तास लागतात. अशा वेळी हाक मारायची ती कोयनेच्या जलविद्युत केंद्राला. पाण्याचा संच मिनिटांत लोड घेतो. पण पाणी मोजून वापरायचं, कारण कृष्णा पाणीतंटा लवादानं कोयनेतून पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढंच पाणी ठरवून दिलंय. त्यामुळे धबधब्याकडे बघून मला कविता सुचत नाही. किती मीटरवरून किती पाणी पडतंय, हे आधी डोक्यात येतं.

तर अशी बाई तेर्नीला गेली.

स्टेशनाबाहेर पडलो आणि पहिलं दर्शन झालं ते एका यंत्राचं. चौकाच्या मधोमध, पुतळ्याच्या जागी, अवाढव्य फोर्जिंग प्रेस उभा केलेला. बारा हजार टनांचा. १९३५ ते १९९३ पर्यंत इथल्या कारखान्यात तापलेल्या पोलादाचे ठोकळे दाबायचं काम त्यानं केलं आणि निवृत्तीनंतर गावानं त्याला स्टेशनासमोर आणून बसवलं. लेक म्हणाली, "चल ना आई, बॅगा जड आहेत." मी मात्र त्याच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय हलले नाही. आमच्या वागळे इस्टेटमधले किती कारखाने डोळ्यांदेखत गेले. शेड पाडल्या, यंत्रं भंगारात गेली, वर टॉवर आले, खाली गाळ्यांत कॅफे आले. त्यातलं एखादं लेथ मशीन तरी चौकात ठेवावं, असं कोणाच्या मनात आलेलं मला आठवत नाही. आपण चौकात ठेवतो ते कारंजं, आणि तेही बहुतेक वेळा बंद.

पोलादाचा मोठा कारखाना इथे १८८४ मध्ये आला. का आला, याची कारणं दोन. समुद्रापासून दूर, म्हणजे शत्रूच्या आरमाराच्या तोफा पोचणार नाहीत. आणि दुसरं, पाणी. नेरा आणि वेलिनो या दोन नद्या आणि त्यांच्यामधली उंचीतली तफावत. त्याचीच किंमत पुढे गावानं मोजली. ११ ऑगस्ट १९४३ ला पहिला मोठा बॉम्बहल्ला झाला आणि त्यानंतर शंभराहून जास्त. कारखाने होते म्हणून. त्यामुळे तेर्नीत तुम्हाला चित्रातलं जुनं इटालियन गाव दिसत नाही. दिसतात त्या युद्धानंतरच्या साध्या, चौकोनी इमारती, ज्यांच्या गॅलरीत कपडे वाळत असतात. ह्यांना ते अजिबात आवडलं नाही. ("एवढे पैसे खर्चून पुन्हा नौपाड्यातच आलो का आपण?") मला आवडलं.

आता धबधबा. कास्काता देल्ले मार्मोरे. तेर्नीपासून सात-आठ किलोमीटरवर, स्टेशनापासून बस जाते. तिकीट काढून आत जायचं. आम्ही मुद्दाम पाणी सोडायच्या वेळेआधी पोचलो, आणि माझा सगळ्यांना हाच सल्ला आहे. लोक पाणी सुरू असताना येतात, फोटो काढतात आणि जातात. पण आधीचा तो कोरडा कडा पाहण्यासारखा असतो. काळपट-हिरवा, शेवाळानं मढलेला उंच कडा आणि त्यावरून ओघळणाऱ्या चार-दोन बारीक धारा. आपल्याकडे माळशेजला मे महिन्यात गेलं की असंच दिसतं. माणसं मात्र खाली कठड्याला रेलून, घड्याळाकडे बघत उभी. शाळेची एक सहल होती, पिवळ्या टोप्या घातलेली मुलं. बाजूला एक आजोबा घडीची खुर्ची घेऊनच आले होते.

मग भोंगा वाजला. कारखान्याचा वाजतो तसाच. वरचे दरवाजे उघडत असल्याची सूचना. आधी काहीच होत नाही. मग कड्याच्या माथ्यावरची पांढरी रेघ जाड होते, तिची पट्टी होते, आणि बघता बघता सगळा कडा पांढऱ्या पाण्याखाली जातो. आवाज वाढत वाढत असा होतो की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. तुषार खालच्या चौकापर्यंत येतात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकूण उंची १६५ मीटर, तीन टप्प्यांत; पहिली उडीच ८३ मीटरची. मी मनातल्या मनात हिशेब करत होते: सेकंदाला एक घनमीटर पाणी १६५ मीटरवरून पडलं तर साधारण १.६ मेगावॅट. इतका वेळ हे सगळं पाणी गाल्लेतोच्या वीजकेंद्राकडे जात होतं. आता ते आमच्यासाठी, या पिवळ्या टोप्यांसाठी, असंच सोडून दिलंय. नोकरीत असते तर मला हे बघवलं नसतं! तिथल्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या कोणाला तरी रोज ठरल्या वेळी आपले मेगावॅट धबधब्याला द्यावे लागतात, आणि तो माणूस मनात काय म्हणत असेल ते मला इटालियन न येताही कळतं.

वेलिनोचं पाणी वरच्या वर अडवून गाल्लेतोला वळवतात. ते केंद्र १९२९ चं. दिवसातले ठरावीक तास धबधब्याला. सुट्टीच्या दिवशी आणि उन्हाळ्यात जास्त, हिवाळ्यात कमी. वेळा आधी जाहीर होतात. ज्यांना निसर्ग म्हणजे माणसाचा हात न लागलेलं काहीतरी हवं असतं, त्यांना हे ऐकून वाईट वाटतं. माझी एक मैत्रीण म्हणालीच, "म्हणजे नळच की गं!" तिला मी पुढची गोष्ट सांगितली ती इथेही सांगते. कारण हा धबधबा विजेसाठी बंद-चालू होतो एवढंच नाही. तो मुळात माणसानंच केलेला आहे.

वर रिएतीचं पठार आहे. वेलिनो नदी तिथून वाहत यायची आणि कड्याच्या तोंडाशी अडायची. का, तर तिच्या पाण्यात चुना फार. तो साचत साचत दगड होतो. तिथल्या वाटेवर आजही दिसतं: शेवाळावर, फांद्यांवर चुन्याचं कवच चढलेलं, हात लावला तर दगड. या दगडाचा बांध नदीनं स्वतःच स्वतःसमोर घातला आणि मागे सगळी दलदल झाली. डास, ताप. इ.स.पू. २७१ मध्ये मानियस क्युरियस डेंटाटस या रोमन अधिकाऱ्यानं तो दगड फोडून कालवा खणवला आणि पाणी कड्यावरून खाली नेरा नदीत लोटलं. झाला धबधबा. म्हणजे आपल्याकडे अशोकाची राजवट सुरू होण्याच्या आगेमागे.

वरच्या लोकांची जमीन सुकली, पिकं आली. खालच्या लोकांच्या घरात पुराचं पाणी यायला लागलं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. इ.स.पू. ५४ मध्ये वरचं रिएती आणि खालचं तेर्नी यांचा वाद उभा राहिला, आणि रिएतीकरांचा वकील होता खुद्द सिसेरो, रोमचा गाजलेला वक्ता. पाणीतंट्याला एवढा नामवंत वकील लावलेला वाचून मला आमच्या लवादाच्या जाडजूड फायली आठवल्या.

याहून मजेची गोष्ट इ.स. १५ ची. टायबर नदीला पूर आला, रोममध्ये पाणी शिरलं, आणि सिनेटमध्ये असा विचार निघाला की टायबरला जाऊन मिळणाऱ्या उपनद्याच वळवाव्या किंवा अडवाव्या. लगेच गावोगावची शिष्टमंडळं रोमला. टॅसिटस या रोमन इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. तेर्नीकर म्हणाले, नेरा फोडून तिचे ओहोळ केलेत तर आमची इटलीतली सर्वांत सुपीक शेतं बुडतील. आणि रिएतीकर म्हणाले, निसर्गानं प्रत्येक नदीला तिचा उगम, तिचा मार्ग, तिचं मुख नीट विचार करून दिलंय, माणसानं त्यात हात घालू नये. रिएतीकर! ज्यांची नदी जवळपास तीनशे वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्यानं कड्यावरून ढकललेली होती, ते! शेवटी सिनेटनं काहीच न बदलण्याचा ठराव केला. सभेतून असं हात झटकून उठणं मी मंत्रालयातल्या बैठकांत पुष्कळ पाहिलंय, त्यामुळे रोमन लोकांबद्दलचा दुरावा बराच कमी झाला.

चुना काही थांबला नाही. कालवा पुन्हा पुन्हा भरत गेला, पुन्हा पुन्हा खणला गेला. १५४५ च्या सुमारास तिसऱ्या पॉल पोपनं नवा कालवा काढायला घेतला आणि काम दिलं आंतोनिओ दा सांगाल्लो या स्थापतीला. रोमच्या सेंट पीटर्सचं काम ज्याच्याकडे होतं, तोच हा. या दलदलीतच त्याला तापानं गाठलं आणि १५४६ मध्ये तो तेर्नीतच गेला. साइटवर जाऊन आजारी पडलेले इंजिनिअर मी पाहिलेत. कोयनेच्या बोगद्यांवर काम केलेले आमचे जुने साहेब मलेरियाच्या गोष्टी सांगायचे. म्हणून या सांगाल्लोबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटला. आणखी एका पोपनं १५९८ मध्ये पुन्हा कालवा केला. मग लक्षात आलं की वरून सरळ कोसळणारं पाणी खालच्या नेरेला आडवं येऊन तिलाच मागे रेटतंय आणि खोऱ्यात पूर येतोय. म्हणून १७८७ मध्ये आंद्रेआ व्हिची यानं खालचा टप्पा तिरका कापून काढला, पाणी नेरेच्या प्रवाहाच्या दिशेनं पडेल असा. आज फोटोत जो देखणा तिरकस टप्पा दिसतो, ती पूरनियंत्रणाची दुरुस्ती आहे.

हे सगळं कळल्यावर मैत्रीण म्हणाली, "मग त्याला नैसर्गिक सौंदर्य का म्हणायचं?" मी म्हटलं, दोन हजार वर्षांहून जास्त काळ देखभाल चाललेली दुसरी कुठली गोष्ट तुला माहीत आहे? बांधकामं सगळेच करतात. देखभालीचं बजेट कोणी मंजूर करत नाही.

खालून वर जायला कड्याच्या कडेनं पायवाट आहे, पायऱ्यांची. माझ्या गुडघ्यांनी अर्ध्यात निषेध नोंदवला. हे मात्र ट्रेकवाले. येऊरच्या जंगलात रविवारी जाणारे, ते टणाटण वर गेले. अध्येमध्ये एक बोगदा आहे, तो थेट पहिल्या उडीच्या बाजूला उघडतो. तिथे पाच मिनिटं उभं राहिलात तर रेनकोट असूनही आतपर्यंत भिजता. त्या सज्जाचं नाव प्रेमिकांचा सज्जा. प्रेमिक होते दोन-चार, पण सगळे कुडकुडत होते. आम्ही दोघंही भिजलो आणि ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच माझा चष्मा स्वतःच्या शर्टानं पुसून दिला, एवढी नोंद करून ठेवते.

धबधब्याच्या वर थोडं पुढे पिएदिलुको तळं. त्या जुन्या दलदलीच्या महासरोवराचा उरलेला तुकडा, आणि आता वीजकेंद्राचं साठवणीचं पाणी. नेरेचं पाणीही वरून बोगद्या-कालव्यानं इथे आणून सोडलंय. इटलीच्या वल्हवणाऱ्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र इथे आहे; सकाळी लांबट, निमुळत्या होड्या सपासप जात असतात. काठावर बसून कॉफी प्यायला छान. बाकी तासाभरात होण्यासारखं आहे.

तेर्नी गावातलं जे प्रसिद्ध आहे ते म्हणजे संत व्हॅलेंटाइन. हो, तोच, १४ फेब्रुवारीवाला. तो तेर्नीचा बिशप, आणि गावाबाहेरच्या टेकडीवर त्याचं चर्च आहे. सतराव्या शतकातलं, आतून नीटनेटकं. आमच्या उपवन तलावाच्या काठावर १४ फेब्रुवारीला जी गर्दी होते तिच्या मुळाशी असलेला माणूस इथे शांतपणे काचेआड पडलेला आहे, हे पाहून गंमत वाटली. चर्चपेक्षा मला बाहेरची एक पाटी जास्त महत्त्वाची वाटली. तेर्नीच्या आसपासच्या गावांतले पाच फ्रान्सिस्कन साधू १२२० मध्ये मोरोक्कोत मारले गेले, त्यांच्या नावाची पदयात्रेची वाट या भागातून जाते. लेकीच्या घरमालकीणबाई आमच्याबरोबर होत्या. ऐंशीच्या पुढच्या, वडील पोलादाच्या कारखान्यात होते त्यांचे. त्या पाटी वाचून दाखवत होत्या. मी लेकीला म्हटलं, सांग यांना, त्यानंतर शंभर वर्षांनी, १३२१ मध्ये, असेच चार जण आमच्या ठाण्यात मारले गेले. त्यांतला एक तोलेंतिनोचा तोमास्सो. तोलेंतिनो म्हणजे इथून डोंगर ओलांडला की पलीकडच्या मार्के प्रांतातलं. दुसरा पादुआचा, तिसरा सिएनाचा, आणि चौथा तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातला. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक नावाचा साधू ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन थेट चीनला गेला. बाईंनी दोन्ही हात गालांना लावले. "ठाना?" त्यांनी विचारलं. ठाणे, मी म्हटलं. त्यानंतर आमची ओळख त्या सगळ्यांना "त्या ठानाच्या" म्हणून करून देऊ लागल्या, आणि भाजीवाल्यानं मूठभर मिरच्या वर दिल्या. सातशे वर्षांपूर्वीच्या ओळखीवर!

ह्यांच्या आवडीची जागा निघाली कार्सुले. तेर्नीच्या उत्तरेला, सान जेमिनीजवळ. रोमन काळातलं सबंध गाव, आता नुसतं माळरान. मधून जातो फ्लामिनिया मार्ग, इ.स.पू. २२० मधला, रोमहून थेट एड्रियाटिक किनाऱ्याकडे जाणारा. मोठमोठ्या दगडी फरशा, आणि त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. गावाच्या वेशीवर एक कमान उभी आहे. मूळच्या तीन कमानींपैकी मधली राहिली. नाट्यगृह, त्याला लागून अँफिथिएटर म्हणजे खेळांचं गोलाकार मैदान, जुळ्या मंदिरांचे चौथरे. आणि मधोमध एक बुटकं चर्च, अकराव्या शतकाच्या आसपासचं, रोमन इमारतींचेच दगड उचलून बांधलेलं. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, म्हणजे साधारण त्याच काळातलं. तिथे शिलाहारांचे कारागीर इंच इंच कोरत होते आणि इथे लोक पडक्या गावातले आयते खांब गोळा करून भिंत उभी करत होते, असं हे अभिमानानं म्हणाले. मी म्हटलं, आयते खांब आपल्याकडे मिळाले असते तर आपणही उचललेच असते.

कार्सुले ओस का पडलं? भूकंपाचं कारण सांगतात, जमीन खचल्याचंही सांगतात. पण मला पटलं ते रस्त्याचं कारण. फ्लामिनियाचा दुसरा फाटा तेर्नी आणि स्पोलेतोवरून जायचा. हळूहळू वाहतूक तिकडे वळली, आणि ज्या रस्त्यासाठी गाव वसलं होतं त्या रस्त्यावर कोणी येईनासं झालं. एक्सप्रेस-वे झाल्यावर खोपोलीच्या जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांकडे पाहिलंय ना? तेच. फक्त इथे ते पूर्ण होऊन त्यावर गवत उगवलेलं आहे. १९५१ पासून पद्धतशीर उत्खनन सुरू झालं, तरी बरंचसं गाव अजून जमिनीखालीच आहे. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे आम्ही, एक शाळकरी जोडपं आणि मेंढ्या. सावली फार कमी आहे, टोपी न्या.

नार्नी मात्र सगळ्यांना आवडेल असं गाव. डोंगराच्या धारेवर, अरुंद गल्ल्या, वर किल्ला. तेर्नीहून रेल्वेनं एक-दोन स्टेशनं, आणि रेल्वेतूनच ऑगस्टसचा पूल दिसतो. फ्लामिनिया मार्ग नेरा ओलांडायचा तो इथे. ऑगस्टस बादशहानं बांधलेल्या त्या पुलाची एकच कमान आज उभी आहे, तीस मीटर उंच. दुसऱ्या बाजूला नदीत पडलेले दगडांचे ढीग.

गावाच्या पोटात जायला गाइडबरोबरच जावं लागतं. १९७९ मध्ये गुहा धुंडाळणाऱ्या सहा तरुणांना जुन्या मठाखाली एक विसरलेलं चर्च सापडलं, भिंतींवर चित्रं अजून शाबूत. पुढे रोमन हौद, आणि त्याहून पुढे चर्चच्या धर्मन्यायालयाची (इन्क्विझिशनची) खोली आणि एक कोठडी. कोठडीच्या भिंती अक्षरांनी आणि खुणांनी भरलेल्या आहेत. सूर्य, चंद्र, क्रूस, आकडे. १७५९ मध्ये तिथे डांबलेल्या जिउसेप्पे आंद्रेआ लोम्बार्दिनी नावाच्या कैद्यानं कोरलेल्या. आपलं नाव आणि साल त्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय. गाइडनं दिवा तिरका धरून एकेक खूण दाखवली. तिथे गप्पच व्हायला होतं. ठाण्याचा किल्ला आजही जेल आहे, आणि त्याच्या भिंतींवर कोणी काय लिहून गेलं असेल, हा विचार मला पुढे बराच वेळ सोडेना.

नार्नीखाली नेरेची घळ आहे. जुनी रेल्वेलाइन उखडून तिथे पायी आणि सायकलनं जायची सपाट वाट केली आहे. माझ्या गुडघ्यांनी या वाटेला शंभर पैकी शंभर दिले. स्तिफोने नावाचं टीचभर गाव लागतं, आणि तिथे नदीचा रंग अचानक बदलतो. वर साधी हिरवट असलेली नेरा इथे निळसर-हिरवी, काचेसारखी स्वच्छ. तळातून खनिज पाण्याचे मोठे झरे येऊन मिळतात, त्यामुळे. काठाला जुन्या जलविद्युत केंद्राचे अवशेष. भिंती उभ्या, छप्पर गेलेलं, आत झाडं. सगळे रंगाचे फोटो काढत होते. मी त्या भिंतीतलं पाणी बाहेर पडायचं भोक शोधत होते. सापडलं. लेकीनं माझा त्या भोकाकडे बोट दाखवतानाचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली "आई सहलीवर".

खाण्याचं सांगते आणि आवरते. शाकाहारी माणसाची तेर्नीत आबाळ होत नाही. चिरिओले नावाच्या जाड शेवया, त्यावर लसूण, तेल आणि लाल मिरची. लसूण इतका सढळ की परकं वाटलंच नाही. पाव मात्र बिनमिठाचा, अगदी अळणी. लोक सांगतात, पोपनं मिठावर कर वाढवला म्हणून उंब्रियात पाव अळणी झाला. १५४० मध्ये पेरुज्यानं या करावरून पोपविरुद्ध बंड केलं होतं हे तर खरंच, आणि पोप म्हणजे हाच आपला कालवा खणणारा तिसरा पॉल. मी तिसऱ्या दिवसापासून पावाला बरोबर नेलेली लसणाची चटणी लावायला सुरुवात केली. घरमालकीणबाईंनी उरलेली बाटली ठेवून घेतली आणि बदल्यात पाम्पेपातो दिला: अक्रोड, बदाम, चॉकलेट आणि चक्क मिरपूड घातलेला काळाकुट्ट गोळा. नाताळचा पदार्थ, पण त्यांनी डब्यात जपून ठेवला होता.

जाणाऱ्यांसाठी: धबधब्याच्या पाण्याच्या वेळा निघण्याआधी पाहून घ्या, वेळ चुकली तर नुसता कडा दिसेल. पहिला टप्पा वरून आणि खालून दोन्हीकडून बघा, मध्ये बस मिळते. रेनकोट पायघोळ हवा, कमरेपर्यंतचा उपयोगाचा नाही. कागदी रेल्वे तिकीट असेल तर फलाटावरच्या मशिनमध्ये त्यावर शिक्का मारल्याशिवाय गाडीत चढू नका, दंड होतो. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, तेव्हा झोपा. आणि कार्सुलेसाठी घरमालकीणबाईंसारखं कोणीतरी गाडीवालं गाठा, बसच्या भरवशावर राहू नका.